काय गेलं, काय राहिलं

(आपल्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून.)



आपल्यातले जे डॉक्टर झाले, बँकेत गेले, शिक्षक झाले, ते काय काम करतात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझं तसं नाही. माझ्या सासूबाई तीस वर्षं पाहुण्यांना सांगत आल्या आहेत, "ही कोळशाचं काहीतरी करते." ते खरंही आहे. संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की मागच्या बाकावरच्यांना कळलं पाहिजे. मागच्या बाकावरचे अजून मागेच बसलेत, हे मला इथून दिसतंय.

ही छोटी बाटली मी मुद्दाम आणली आहे. हातोहात फिरवा, पण झाकण उघडू नका, हात काळे होतील. आतले दाणे मोहरीएवढे आहेत. नारळाच्या करवंटीपासून केलेला हा सक्रिय कोळसा, म्हणजे बाजारात ज्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात तो. पण त्याच्याबद्दल बोलण्याआधी मला तुम्हाला नववीच्या वर्गात न्यायचं आहे.

आठवतंय का, आपल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा सगळ्यांना घरून करवंट्या आणायला सांगितल्या होत्या? आपल्या कोकणात त्याला काय तोटा! एकाने तर पोतं भरून आणल्या. तो आत्ता तिसऱ्या रांगेत हसतोय. सरांनी डालड्याच्या जुन्या डब्यात करवंटीचे तुकडे भरले, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा शाळेमागच्या चुलीवर ठेवला. भोकातून धूर आला, मग सरांनी काडी लावली तर तो धूरच पेटला. डबा थंड झाल्यावर आत काळेभोर, खणखणीत वाजणारे तुकडे निघाले. ते सरांनी पुन्हा निखाऱ्यावर लाल केले, त्यांच्यावर पाण्याचा शिपका मारला, मग खलात कुटले आणि ती पूड चार पाण्यांनी धुतली.

दुसऱ्या दिवशी सरांनी चंचुपात्रात ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, त्यात दौतीतल्या निळ्या शाईचे थेंब टाकले आणि चमचाभर मीठ विरघळवलं. मीठ कशाला, ते सांगितलं नाही. कोळशाची पूड घालून ढवळलं आणि नरसाळ्यात गाळण कागद लावून गाळलं. पहिल्यांदा फिकट निळं आलं. दुसऱ्यांदा आणखी फिकट. तिसऱ्यांदा गाळलं तेव्हा परीक्षानळीत काचेसारखं स्वच्छ पाणी होतं, आणि आपण टाळ्या वाजवल्या.

सर म्हणाले, "टाळ्या थांबवा. पाणी शुद्ध झालं का?"

सगळा वर्ग ओरडला, "हो सर!"

सरांनी त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. त्याच क्षणी दह्यासारखा पांढरा साका झाला. मीठ जसंच्या तसं होतं. मग सरांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले. एकावर लिहिलं "काय गेलं", दुसऱ्यावर "काय राहिलं". म्हणाले, "वहीत दोन्ही भरा. पहिला रकाना कोणीही भरतो, तो डोळ्यांना दिसतो. दुसरा भरायला मेहनत लागते."

शाई का गेली आणि मीठ का राहिलं, या एका प्रश्नात माझा सगळा धंदा आला. म्हणून तोच आज सोपा करून सांगते.

आधी कोळशाकडे पाहू. त्या बाटलीतल्या एक ग्रॅम दाण्यांमध्ये, म्हणजे चिमूटभर मालात, साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग आहे. आपल्या शाळेचं कबड्डीचं मैदान आठवा, १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. तशी सात-आठ मैदानं त्या चिमटीत मावली आहेत. बाहेरून दिसतो तो पृष्ठभाग अगदी नगण्य. सगळा आहे तो आतल्या छिद्रांच्या भिंतींचा. यातली बहुतेक छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाहीत.

मग मोजतात कशी? दाणे निर्वात नळीत ठेवून उणे १९६ अंश सेल्सिअसला थंड करतात आणि थोडा थोडा नायट्रोजन वायू आत सोडतात. नायट्रोजनचे रेणू छिद्रांच्या भिंतींवर बसत जातात. किती वायू बसला ते मोजायचं, एक रेणू किती जागा अडवतो ते माहीत असतं, मग गुणाकार करायचा. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर या तिघांनी १९३८ साली या हिशेबाचं सूत्र दिलं. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीईटी पद्धत म्हणतात आणि ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. खोलीत किती जागा आहे हे टेप न लावता, किती माणसं मावली त्यावरून सांगण्यातला हा प्रकार.

ही छिद्रं पाडायची कशी, तर सरांनी डब्यात केलं तेच कारखान्यात मोठ्या भट्टीत करतात. आधी करवंटी कमी हवेत भाजून कोळसा करायचा. मग तो ८०० ते १००० अंशांपर्यंत तापवून त्यावरून पाण्याची वाफ सोडायची. त्या तापमानाला वाफ कार्बनशी संयोग पावते, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात आणि उडून जातात. जिथला कार्बन गेला तिथे पोकळी राहते. सरांनी लाल निखाऱ्यांवर शिपका मारला, तो या वाफेचाच गावठी अवतार. शंभर किलो करवंटीतून साधारण तीस किलो कोळसा मिळतो आणि त्यातून सक्रिय कोळसा जेमतेम दहा किलो. बाकीचं सगळं धुरात आणि वाफेत गेलं. म्हणून हा माल महाग पडतो.

आता चिकटण्याचं. चहात बटर बुडवलं की चहा बटरच्या आत मुरतो, हे शोषण. गवतातून चालताना साडीच्या काठाला कुसळं चिकटतात, ती फक्त पृष्ठभागावर. कोळशाचं काम या दुसऱ्या प्रकारचं, त्याला अधिशोषण म्हणतात. पृष्ठभागावरचे कार्बनचे अणू जवळ आलेल्या रेणूला हलकेच ओढतात. ओढ अगदी क्षीण असते, पण छिद्र अरुंद असलं की रेणूला सगळ्या बाजूंनी ओढलं जातं आणि तो अडकतो. शाईतल्या रंगाचे रेणू मोठे, चपटे, कार्बनच्या कड्यांनी बनलेले. त्यांना पाण्यापेक्षा कोळशाची भिंत जवळची. मिठाचं उलट आहे. पाण्यात त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण होतात, आणि पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती असा घट्ट घोळका करतात की ते कोळशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कोळशाला काही पाहुणे आवडतात आणि काही आवडत नाहीत, असं म्हणा.

या आवडीनिवडीवर विज्ञानाने किती कामं करून घेतली आहेत! शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्ये दाखवलं की कोळसा वायू धरून ठेवतो आणि तापवला की सोडतो. १७८५ मध्ये रशियात लोविट्झ यांना दिसलं की कोळशाने द्रावणाचा तपकिरी रंग जातो. पुढे साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशाने साखरेचा पाक पांढरा करायला सुरुवात केली. जेम्स ड्यूअर, ज्यांच्या शोधातून आपला थर्मास आला, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नारळाच्या करवंटीचा कोळसा द्रवरूप हवेने थंड केला आणि त्याच्याकडून भांड्यातली उरलीसुरली हवा ओढून घेऊन उत्तम निर्वात पोकळी मिळवली. आपल्या परसातली करवंटी अशी लंडनच्या प्रयोगशाळेत पोचली होती.

मग पहिलं महायुद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना आवाहन केलं गेलं की पीचच्या बिया आणि कठीण कवचं टाकू नका, सैनिकांच्या मुखवट्यांना कोळसा हवा आहे. या कोळशाने असंख्य जीव वाचवले. पण इथेही दुसरा रकाना आहे. कार्बन मोनॉक्साइड त्या कोळशाला चिकटत नाही, सरळ आत येतो. मुखवटा लावून धुराने भरलेल्या खोलीत शिरणाऱ्याला हे माहीत नसेल तर जीव जाईल.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या साऊथ डकोटामधलं, होमस्टेक नावाच्या सोन्याच्या खाणीतलं. तिथे जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर रेमंड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात सुमारे ३,८०,००० लिटर द्रवाची टाकी बसवली. हा द्रव म्हणजे कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला वापरतात तोच, त्यात क्लोरीन भरपूर. सूर्यातून येणारा न्यूट्रिनो नावाचा कण क्वचित एखाद्या क्लोरीनच्या अणूवर आदळला की त्याचा अरगॉन होतो. काही आठवड्यांत त्या सगळ्या टाकीत असे मोजके अणू जमत. ते शोधायचे कसे? टाकीतून हेलियमचे बुडबुडे सोडायचे, ते अरगॉनला बरोबर घेऊन येतात, आणि तो वायू द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या कोळशातून न्यायचा. हेलियम निघून जातो, अरगॉन कोळशात अडकतो. गवताच्या गंजीतली सुई शोधणं यापुढे पोरखेळ. डेव्हिस यांना अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांशच न्यूट्रिनो सापडले. वर्षानुवर्षं लोकांना वाटलं की प्रयोगात गफलत आहे. शेवटी कळलं की प्रयोग बरोबर होता, न्यूट्रिनोच वाटेत आपला प्रकार बदलत होते. २००२ मध्ये डेव्हिस यांना नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे त्याच खाणीत, वर जमिनीवर, १९७३ पासून सोनं पकडायलाही सक्रिय कोळसाच वापरात आला. खनिज दळून सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायचं, त्या गाळात कोळशाचे दाणे घोळवायचे, सोनं दाण्यांवर बसलं की चाळून घ्यायचं आणि गरम द्रावणाने सोडवायचं. यासाठी करवंटीचा कोळसा पसंत करतात, कारण तो कठीण असतो, घोळवताना त्याचा भुगा होत नाही. तुमच्यातले चाणाक्ष विचारतील, विरघळलेलं सोनंही विद्युतभारित कणच, मग ते कसं चिकटतं आणि मीठ का नाही? सायनाइडबरोबर सोन्याचा मोठा जोडकण होतो, त्याला पाणी तितकं घट्ट धरत नाही. म्हणजे "क्षार चिकटत नाहीत" असं सरसकट म्हणूनही भागत नाही. प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आणि आता, न तपासल्याची माझी गोष्ट. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

नोकरीची पहिली काही वर्षं होती. घाटावरच्या एका गावाजवळ कापड रंगवण्याचा लहानसा कारखाना होता. नाव सांगत नाही, कारण चुकीचा अहवाल माझा होता. त्यांचं सांडपाणी कधी लाल, कधी जांभळं यायचं. मी तिथे सक्रिय कोळशाचे दोन उंच स्तंभ बसवले. पहिल्या दिवशी पलीकडून पाणी आलं ते आपल्या परीक्षानळीतल्यासारखं, काचेसारखं. वास नाही, रंग नाही. रंग आणि सेंद्रिय द्रव्यं मी मोजली, आकडे उत्तम होते. मी अहवालात लिहिलं, पाणी शेतीसाठी देण्यास हरकत नाही. टाळ्याही मिळाल्या. पगारवाढही.

शेजारच्या एका शेतकऱ्याने ते पाणी पाट काढून घेवड्याला घेतलं. सहा-सात आठवड्यांनी तो कारखान्याच्या फाटकाशी आला. हातात घेवड्याचं रोप होतं, पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. मी त्याला म्हटलं, "पाणी तर स्वच्छ आहे." तो म्हणाला, "व्हय बाई, दिसतंय स्वच्छ. मग घेवडा का जळला?"

मी त्याच्या शेतात गेले. सरीच्या कडेला मातीवर पांढरा थर आला होता. तो पाहिला आणि मला घाम फुटला. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून पोत्यांनी मीठ वापरतात, हे मला माहीत होतं. कोळसा मीठ धरत नाही, हेही माहीत होतं. पाण्यातल्या एकूण क्षारांची चाचणी अर्ध्या तासाची. ती मी केली नव्हती, कारण पाणी इतकं छान दिसत होतं. घेवडा खाऱ्या पाण्याला सर्वांत आधी मान टाकणाऱ्या पिकांपैकी.

त्याचं पुढचं वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. तो रागावला नव्हता. शांतपणे म्हणाला, "बाई, पाणी लाल होतं तवर आमी त्याला शिवत नव्हतो. तुमी रंग काढला, म्हणून घेतलं."

रंग घाण होता, पण तो खबरदारही करत होता. मी घाण काढली आणि इशाराही काढून टाकला. खाली उरलं ते कुणाला दिसत नव्हतं.

त्या रात्री मला आपला फळा आठवला. मधोमध ओढलेली रेघ, दोन रकाने. माझा पहिला रकाना चोख भरलेला होता. दुसरा मी अख्खाच्या अख्खा सोडून दिला होता. नववीत जे मला येत होतं, ते पदव्या घेतल्यावर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी लेखी कळवलं की माझा अहवाल अपुरा होता, हे पाणी शेतीला देऊ नये. मालक चिडले, पण ऐकलं. त्यांनी शेतकऱ्याला काही पैसे दिले, पुरेसे नव्हते. त्याचा तो हंगाम गेलाच, आणि जमीन धुऊन निघायला दोन पावसाळे लागले. पुढे तिथे मिठाचं पाणी वेगळं काढून आटवण्याची सोय झाली, ती खर्चीक होती. नोकरी गेली नाही, पण पगारवाढीचं पेढ्याचं खोकं मी परत केलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी दोन रकाने असतात. माझ्या हाताखालची मुलं हसतात, म्हणतात, हा मॅडमचा शाळकरी तक्ता. मी त्यांना सांगते, आहेच तो शाळकरी.

तुमच्यासाठीही हा तक्ता घरी घेऊन जाण्यासारखा आहे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला कोळसा क्लोरीन, वास आणि बरीच सेंद्रिय द्रव्यं काढतो. विरघळलेले क्षार, फ्लोराइड आणि रोगजंतू यांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका, त्यासाठी वेगळे टप्पे लागतात. शिवाय कोळसा भरतो. भरला की तो बाहेरून तसाच दिसतो, पण पकडत काही नाही, आणि जुन्या कोळशावर जंतूही वाढू शकतात. तेव्हा भागाची मुदत संपली की तो बदला, चव बिघडायची वाट पाहू नका. काही विषबाधांमध्ये डॉक्टर सक्रिय कोळसा पाजतात आणि तो वेळेवर दिला तर जीव वाचतो. पण दारू, लोहाच्या गोळ्या, लिथियम, आम्लं किंवा कॉस्टिक सोडा यांवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून विषबाधा झाली तर घरगुती प्रयोग न करता रुग्णालय गाठायचं. आणि पोट साफ होतं म्हणून रोज काळ्या गोळ्या घेणाऱ्या मैत्रिणींनो, ती गोळी तुमची रक्तदाबाची गोळीही पोटातच पकडून ठेवू शकते. डॉक्टरांना विचारा.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. गेल्या महिन्यात फोनवर मी तुम्हाला तो प्रयोग आठवतो का विचारलं, तर म्हणालात, "दरवर्षी करायचो गं, कोणत्या वर्षाचा म्हणतेस?" दरवर्षी चाळीस-पन्नास मुलांना तुम्ही दुसरा रकाना शिकवलात. त्यातली एक तो विसरली आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. हे तुमच्यासमोर कबूल करायचं होतं, म्हणून इतक्या लांबून आले.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी दोन वस्तू आणल्या आहेत. एक किलो सक्रिय कोळसा, करवंटीचाच. आणि सिल्व्हर नायट्रेटची एक बाटली. नव्या सरांना माझी विनंती आहे, पहिली वस्तू वापराल तेव्हा दुसरीही वापरा.